हप्ता, बढती आणि ३१ मार्चची बिलं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू सीए आहेस, वय ३१, अंधेरीच्या एका खाजगी कंपनीत अकाउंट्स मॅनेजर. घर डोंबिवलीला, गृहकर्जाचा हप्ता ३८,००० रुपये, बाळ चार महिन्यांचं. कंपनीत माणसं कमी करणं चालू आहे. साहेबांनी सांगितलंय की ३१ मार्चला ४ कोटी २० लाखांची बिलं काढायची, म्हणजे विक्री याच आर्थिक वर्षात दिसेल, माल मात्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल, आणि ऑडिटरनी विचारलं तर माल मार्चमध्येच गेला असं सांगायचं. जमवलंस तर फायनान्स कंट्रोलरची जागा तुझी. गेल्या मार्चला ६० लाखांचं असंच एक काम तू करून दिलं होतंस. आता रात्री दोनला जाग येते ती येतेच. शेवटी लिहिलंयस, "मॅडम, मोठं व्हायची इच्छा ठेवणं चूक आहे का? की मीच भित्रा आहे?"

वयानं माझ्या भाच्याएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. इच्छा अजिबात चूक नाही. आणि तू घाबरलेला आहेस, यात भित्रं असण्याचा काही संबंध नाही. घाबरण्याला कारण असतं आणि कारण कागदावर मांडता येतं.

मीही सीए, फोर्टमध्ये माझी स्वतःची प्रॅक्टिस आहे, २४ वर्षं झाली. या काळात जेवढ्या खोट्या सह्या पाहिल्या त्यातल्या हावरटपणानं केलेल्या फार थोड्या. बहुतेक सगळ्या भीतीनं केलेल्या. हप्ता चुकेल, नोकरी जाईल, बँकेची कर्जाची लिमिट कापली जाईल, सासरी काय तोंड दाखवू. म्हणून असा प्रश्न आला की मी प्रामाणिकपणावर बोलतच नाही. आधी भीती किती रुपयांची आहे ते मोजायला लावते.

तुझ्याच पत्रातले आकडे घेऊ. घरखर्च, हप्ता, डॉक्टर, रेल्वेचा पास सगळं धरून महिन्याला ७१,००० लागतात. बायकोची बाळंतपणाची रजा भरपगारी आहे आणि मे महिन्यात ती कामावर जाणार. तिच्या हातात ३४,००० येतात. म्हणजे उद्या तुझा पगार पूर्ण थांबला तर महिन्याला ३७,००० ची खोट. एफडी आणि बचत मिळून १ लाख ९० हजार. भागाकार कर. पाच महिने. बाळाला सांभाळायला बाई ठेवावी लागली तर चार धर. तू पत्रात लिहिलंयस "आम्ही रस्त्यावर येऊ". रस्त्यावर येणं आणि हातात चार-पाच महिने असणं यात केवढा फरक आहे बघ, आणि हा फरक तुझ्याजवळ आधीपासून होता. रात्री दोनला कुणी भागाकार करत नाही, एवढंच.

आता हप्त्याचं. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की बँक खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाऊ शकणारं कर्ज, धरते. त्यानंतर सरफेसी, म्हणजे बँकांच्या तारण-वसुलीच्या, कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते, घरावर ताबा वगैरे गोष्टी त्याच्याही पुढच्या. हे मी तुला हप्ते चुकवायला सांगत नाहीये, एक हप्ता उशिरा गेला तरी क्रेडिट स्कोअरला लागतं. सांगायचं इतकंच की एक तारीख चुकली की दारात कुलूप, असं होत नसतं. आणि तशी वेळ येते आहे असं दिसलं तर हप्ता चुकण्याच्या आधी शाखेत जायचं. नंतर गेलास तर थकबाकीदार म्हणून जातोस, आधी गेलास तर ग्राहक म्हणून.

हे मी आईकडून शिकले. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. वडील मिलच्या टाइम ऑफिसात कारकून, आई खाणावळ चालवायची. १४ मेंबर होते, बहुतेक सातारकडचे आणि कोकणातले गिरणी कामगार. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यातून खाणावळवाल्या बायकांना बँकेची कर्जं मिळू लागली, त्यातलंच आईचं एक. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मी तेव्हा १२ वर्षांची. मार्चपर्यंत दहा मेंबर गावाला गेले, उरलेल्या चौघांकडे द्यायला पैसे नव्हते. हप्त्याला आठ दिवस असताना आई मला बरोबर घेऊन गेली आणि टेबलापलीकडच्या बाईंना म्हणाली, "या महिन्यात अर्धा देईन, पुढच्याचं पुढच्या महिन्यात येऊन सांगेन." वही बरोबर नेली होती. कुणाकडून किती येणं आहे ते नावानिशी लिहिलेलं. त्या बाईंनी वही उघडून पाहिली, दोन-तीन पानं उलटली आणि मान डोलावली. घरी येताना आईनं मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. का कोण जाणे, ती पुडी मला अजून आठवते.

आता बिलांकडे येऊ.

पहिली गोष्ट, नाही म्हणायच्या आधी कायद्यात वाट आहे का ते बघ. पुष्कळदा असते. माल गोदामात असताना विक्री दाखवता येते, हिशेबाच्या मानकांपैकी जुन्या एएस ९ मध्ये येते आणि इंड एएस ११५ मध्येही येते. पण अटी आहेत. माल खरेदीदाराच्या सांगण्यावरून थांबवलेला असला पाहिजे आणि मालकी त्याच्याकडे गेलेली. तो माल तयार हवा, त्याच्या नावानं वेगळा काढून ठेवलेला हवा, आणि दुसऱ्या कुणाला विकायची किंवा वापरायची मोकळीक तुम्हाला नसावी. साहेबांना सरळ विचार: पार्टीचं, म्हणजे खरेदीदाराचं, असं पत्र येऊ शकतं का? ३१ तारखेला माल पॅक होऊन बाजूला असेल का? दोन्हींना होकार आला तर ऑडिटरला सगळं खरं सांगून, कागद दाखवून करता येईल. तुझ्या पत्रावरून वाटतं की माल अजून तयारच नाही. तसं असेल तर ही वाट बंद.

दुसरी गोष्ट, हे लपतही नाही. बिल ३१ मार्चचं असेल, पण ई-वे बिलाच्या, म्हणजे माल वाहतुकीच्या सरकारी परवान्याच्या, पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर पडेल तो एप्रिलचा. ट्रान्सपोर्टची एलआर, म्हणजे माल चढवल्याची पावती, एप्रिलची, गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरात गाडी एप्रिलची. बिल जीएसटीच्या रिटर्नमध्ये चढलं की ते पार्टीला दिसतं, आणि माल हातात आल्याशिवाय त्याला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणून त्याचा अकाउंटंट पहिल्याच आठवड्यात फोन करून विचारतो की माल कुठाय. तारखा मागेपुढे कराव्यात तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी कधी काय बदललं याची नोंद राहणं सक्तीचं आहे, आणि ती नोंद चालू होती का हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. मी स्वतः ऑडिटला गेले की पहिल्या तासात मार्चच्या शेवटच्या पाच दिवसांची बिलं आणि एप्रिलची गेटपास बुकं समोरासमोर ठेवते. बहुतेक सगळेच ठेवतात. त्यात कसलंही कौशल्य नाही.

आणि सापडलं तर कंपनी कायद्याचं कलम ४४७ आहे. रक्कम १० लाख किंवा उलाढालीचा १ टक्का, यात जे कमी असेल तेवढी किंवा जास्त असली तर सहा महिने ते १० वर्षं कैद. ४ कोटी २० लाख हे त्याच्या फार पुढे आहे. ऑडिटरला खोटं उत्तर तोंडानं देणारा माणूस तू असशील, साहेब खोलीतसुद्धा नसतील.

आता जे तुला सुचलं नसेल ते सांगते. तुझे साहेबही घाबरलेले आहेत. तू ओझरतं लिहिलंयस की विक्री ८० कोटींच्या खाली दिसली तर बँक कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी उचलायच्या कर्जाची, लिमिट कमी करेल. म्हणजे खरा प्रश्न बँकेचा आहे, विक्रीचा नव्हेच. मग बँकेपुढे खऱ्या ऑर्डरी का ठेवत नाही? ४ कोटी २० लाखांच्या ऑर्डरी तर हातात आहेत ना? लिमिट नव्यानं मंजूर करताना बँक सीएमए डेटा, म्हणजे कंपनीच्या आकड्यांचा ठराविक तक्ता, मागते, त्यात पुढच्या वर्षाचे अंदाज असतात. त्याला ऑर्डर बुक, म्हणजे हातातल्या ऑर्डरींची यादी, जोड. पार्टीचं नाव, ऑर्डरची तारीख, रक्कम, माल कधी निघणार, पैसे कधी येणार. वर एक पानाचं पत्र, की उत्पादन लांबल्यामुळे एवढी विक्री एप्रिलमध्ये गेली. क्रेडिट ऑफिसरला अशी गोष्ट समजते, तो रोज हेच पाहतो. लिमिट थोडी कापली जाईलही. पण थोडी कापलेली लिमिट घेऊन कंपनी चालते. ऑडिट अहवालात शेरा आला तर काय होतं ते तुला सांगायला नको.

हा कागद तू तयार कर. साहेबांकडे नकार घेऊन जाऊ नकोस, हा कागद घेऊन जा. माझ्या पाहण्यात निम्म्या वेळा प्रकरण इथेच मिटतं, कारण त्या माणसालाही वाटच हवी असते.

नाही मिटलं तर त्याच दिवशी मेल. मोठी लिहू नकोस, आरोप करू नकोस, तत्त्वं सांगू नकोस. अशी:

"साहेब, आज सकाळी आपलं मार्चअखेरच्या बिलांबद्दल बोलणं झालं. जो माल ३१ मार्चपर्यंत गोदामातून निघणार नाही किंवा पार्टीच्या लेखी सांगण्यावरून बाजूला ठेवलेला नसेल, त्याचं बिल मला या वर्षात घेता येणार नाही. बँकेसाठी ऑर्डर बुक सोबत जोडलं आहे. आपण सांगाल तेव्हा बँकेत यायला तयार आहे."

बस. ही मेल ऑफिसच्याच पत्त्यावरून ऑफिसच्याच पत्त्यावर. कंपनीचे कागद स्वतःच्या मेलवर पाठवायचे नाहीत, मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत, उद्या तेच तुझ्यावर उलटेल. घरी एका वहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणालं एवढं हातानं लिहून ठेव. कंपनी लिस्टेड असेल, किंवा बँकांचं कर्ज ५० कोटींच्या वर असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ खाली तक्रारीची रीतसर व्यवस्था असायलाच हवी, ती आहे का बघ. आणि गेल्या वर्षीच्या ६० लाखांबद्दल काही लिहिण्याआधी एका वकिलाला भेट, तुझ्या स्वतःच्या, कंपनीच्या नव्हे. तोवर एकच पथ्य: कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

त्या ६० लाखांवर थोडं थांबते, कारण सगळी गाठ तिथे आहे. गेल्या मार्चला तुम्ही या वर्षातून ६० लाख उसने घेतलेत. म्हणजे हे वर्ष सुरू झालं तेच ६० लाखांच्या खड्ड्यातून. आता तो खड्डा भरायचा, वर या वर्षीची तूट भरायची, म्हणून आकडा एकदम सातपट झाला. पुढच्या मार्चला ४ कोटी २० लाखांपासून सुरुवात असेल. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं कबुलीपत्र बाहेर आलं, त्यात त्यांनी हेच लिहिलं होतं, की खऱ्या नफ्यात आणि वहीतल्या नफ्यात सुरुवातीला किरकोळ फरक होता, तो वर्षागणिक वाढत गेला. वाढून किती झाला, तर नसलेली रोकड आणि बँक शिल्लक ५,०४० कोटी. त्या सकाळी मी ऑफिसात उभ्या उभ्या ते पत्र वाचलं आणि पहिली आठवण मला माझीच झाली.

ती सांगते. १९९३ साली मी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करत होते. भिवंडीच्या एका गोदामात स्टॉक मोजायला पाठवलं होतं. दुपारची वेळ, पत्र्याखाली प्रचंड उकाडा, वरच्या फळ्यांवर चढायला शिडी लागणार होती. स्टोअरकीपर म्हणाला, "वर ३२० आहेत, लिहून टाका." मी लिहिले आणि बरोबरची खूण केली. काहीही झालं नाही. कुणालाही कळलं नाही, कदाचित ३२० असतीलही. पण त्यानंतर वर्षभर मला शिडीचा कंटाळा यायला लागला. काही झालं नाही याचाच तो परिणाम होता. तुझे ६० लाख मला तसे वाटतात.

शिडी पुढे परत आली. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो मंगळवार. माझी प्रॅक्टिस चार वर्षांची, मुलगी तीन वर्षांची, मुलुंडच्या घराचं कर्ज नवं. माझा सगळ्यात मोठा क्लायंट विजेच्या सामानाचा व्यापारी, गोदाम कुर्ल्याला मिठी नदीच्या बाजूला. माणूस चांगला होता. मी नवीन असताना, बाई म्हणून लोक कचरत असताना, त्यानं मला काम दिलं होतं. त्याच्याकडून वर्षाला १ लाख ४० हजार यायचे, म्हणजे माझ्या एकूण फीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. विम्याचा दावा करायचा होता, ७३ लाखांचा माल भिजला असं माझं सर्टिफिकेट हवं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेले. पाणी ओसरलं होतं पण वास होता, चिखलाचा, कुजलेल्या पुठ्ठ्याचा आणि डिझेलचा. भिंतीवर चारही बाजूंनी तपकिरी पट्टा उमटला होता, पाणी जिथवर चढलं तिथवर. मी पर्समधली टेप काढून मोजला. जमिनीपासून ४ फूट २ इंच. लोखंडी रॅकला पाच कप्पे होते, खालचे दोन त्या पट्ट्याच्या खाली, वरचे तीन वर. मी शिडी मागितली. शिडी आणायला गेलेला माथाडी येताना हळूच म्हणाला, "बाई, वरचं नाय भिजलं." चढले. चौथ्या कप्प्यातल्या खोक्यावर हात फिरवला तर बोटांना धूळ लागली. कोरडी, पिठासारखी. खोक्यावरच्या चिठ्ठीची शाईसुद्धा पसरलेली नव्हती.

खाली आले तेव्हा शेटजींनी चहा मागवला होता. म्हणाले, "मॅडम, अर्ध्या मुंबईचं नुकसान झालंय, वरचं की खालचं कोण बघतो?" त्यांच्या मुलीचं लग्न डिसेंबरात होतं. त्यांचे हात थरथरत होते, ते मला नीट दिसत होतं.

मी तिथे नाही म्हटलं नाही. दोन दिवस मागितले. त्या रात्री नवऱ्याबरोबर बसून असाच भागाकार केला, जसा वर तुझा केला. १ लाख ४० हजार गेले तर काय काय थांबेल. आमची पाळणाघराची फी थांबत नव्हती, हप्ता थांबत नव्हता. रिक्षा थांबत होती, नवीन कॉम्प्युटर थांबत होता, आणि जागा मोठी घ्यायचं जे मनात होतं ते थांबत होतं. हे स्पष्ट झाल्यावर झोप लागली. तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट दिलं, त्यात लिहिलं: जमिनीपासून ४ फूट २ इंच उंचीपर्यंतचा माल, रॅकचे खालचे दोन कप्पे. रक्कम आली २९ लाखांच्या आसपास. त्यांनी ते घेतलं नाही. महिन्याभरात सगळ्या फायली दुसरीकडे गेल्या. त्यांचा दावा मंजूर झाला का, किती झाला, मला कळलं नाही.

याचं मला काही बक्षीस मिळालं असं सांगून तुला फसवणार नाही. आठ महिने ओढाताण झाली. ज्या मैत्रिणी अशा वेळी मान डोलवत गेल्या त्यांच्यातल्या दोघींची ऑफिसं आज नरिमन पॉइंटला आहेत. माझ्याकडे दोन खोल्या आणि सहा माणसं, लाकडी जिन्याच्या जुन्या इमारतीत. तो जिना चढताना अजूनही कधीतरी वाटतं की मोठं ऑफिस व्हायला हवं होतं. वाटू दे, ती इच्छा खरी आहे आणि मी ती कधी दडपली नाही. तूही दडपू नकोस. फक्त कंट्रोलरची खुर्ची हवी आहे तर त्या खुर्चीचं काम बघ. पुढे सीएफओ, म्हणजे मुख्य वित्त अधिकारी, झालास तर त्याच कायद्याच्या कलम १३४ खाली ताळेबंदावर तुझी सही पडणार. आज ज्या आकड्यांमुळे दोनला जाग येते, तेच आकडे तेव्हा तुझ्या नावानं छापले जातील. ही बढती घेऊन तू या भानगडीतून वर जात नाहीस, तिच्या मधोमध जाऊन बसतोस. दुसऱ्या कंपनीतली कंट्रोलरची जागा शोध. मार्च-एप्रिलमध्ये बाजारात हालचाल असते, बायोडाटा या आठवड्यात नीट कर, राजीनामा मात्र हातात दुसरं पत्र आल्याशिवाय देऊ नकोस. लगेच नोकरी सोड असं सांगणारे खूप भेटतील, त्यांना तुझा हप्ता भरायचा नसतो.

आता उरली झोप, आणि या दिवसांत तग कसा धरायचा ते. हा भाग लोक हसण्यावारी नेतात. मी नेत नाही, कारण थकलेला माणूस सायंकाळी सहाला ज्या गोष्टीला हो म्हणतो, तिलाच सकाळी दहाला नाही म्हणू शकला असता, हे मी स्वतःत आणि इतरांत इतक्या वेळा पाहिलंय.

संपाच्या वर्षात आईनं घरातलं काय काय कमी केलं ते मी सांगू शकते. तूर डाळ, तेल, माझे बूट, वडिलांचा तंबाखू. पण दुपारी चारचा चहा तिनं एकदाही सोडला नाही. साखर कमी झाली, मग दूध कमी झालं, पुढे नुसता काळा चहा. कपबशी मात्र तीच, निळ्या काठाची, आणि जागा तीच, गॅलरीतल्या लाकडी पेटीवर. तेवढा वेळ तिच्याशी कुणी पैशांचं बोलायचं नाही असा आमच्याकडे नियम होता. वडीलसुद्धा पाळायचे. पंधरा मिनिटांनी ती उठायची आणि संध्याकाळच्या भाकऱ्यांचं पीठ मळायला घ्यायची.

२००५ नंतरच्या त्या आठ महिन्यांत माझ्या दोन गोष्टी होत्या. एक लेडीज डबा. मुलुंडहून सकाळची ठरलेली गाडी, ठरलेल्या बायका. जानेवारीत कुणीतरी मटाराची पिशवी उघडायचं, पाच-सहा जणी मिळून सोलायच्या, दादर येईपर्यंत दाणे एका डब्यात आणि सालं पिशवीत. मी मटार सोलत असे. तुझी प्रॅक्टिस कशी चाललीय हे तिथे कुणाला विचारायचं नव्हतं. हातांना काम आणि डोक्याला सुट्टी, असा तो पाऊण तास. दुसरी गोष्ट काळा घोड्यावरची डेव्हिड ससून लायब्ररी, मालाडच्या दगडाची १८७० मधली इमारत. तिच्या गॅलरीत लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत. बुधवारी दुपारी डबा खाऊन अर्धा तास तिथे जायचे. कधी वाचलं, कधी नुसती रस्त्यावरच्या बस बघत पडून राहिले. रिक्षा सोडली तेव्हा ही वर्गणीही सोडावी असं मनात आलं होतं. नवरा म्हणाला, ही नको. बरोबर होतं त्याचं.

तुझ्यासाठी काय असेल ते मला ठरवता येणार नाही. एवढं सांगते की ती गोष्ट स्वस्त असावी, रोज किंवा ठरल्या वारी करता यावी, आणि तिच्यामुळे पुढच्या महिन्याचं बिल वाढू नये. तू लिहिलंयस की शनिवारी मॉलमध्ये गेलं की बरं वाटतं आणि रविवारी रात्री क्रेडिट कार्ड बघून पोटात गोळा येतो, म्हणजे ते नको. घाटकोपरला मेट्रोतून उतरून डोंबिवलीची गाडी पकडलीस की फोन बॅगेत टाक. ऑफिसचा ग्रुप तेवढा वेळ तुझ्याविना चालेल. घरी पोचल्यावर बाळाची आंघोळ किंवा रात्रीचं झोपवणं, एक काम पूर्ण तुझं घे. बायकोला सगळं सांग, आकड्यांसकट. तू लिहिलंयस की तिला ताण नको म्हणून सांगितलं नाही. तिला तू दोनला उठून हॉलमध्ये बसतोस हे माहीत आहे, बाळंतिणीला रात्री जाग असतेच. कारण माहीत नसल्यामुळे ती काय काय कल्पना करत असेल याचा विचार कर.

दोन आठवडे उलटूनही झोप अशीच राहिली, छातीत धडधड होत राहिली, तर डॉक्टरकडे जा, आणि जायला जड वाटलं तर १४४१६ वर फोन कर. टेलिमानस म्हणून सरकारची मोफत सेवा आहे, मराठीतून बोलता येतं. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीनं केला होता, तिला उपयोग झाला.

आपल्या सीए इन्स्टिट्यूटच्या बोधचिन्हावर उपनिषदातलं वाक्य आहे, य एष सुप्तेषु जागर्ति, सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. परीक्षेच्या दिवसांत आम्ही ते रात्रभर अभ्यास करण्याशी जोडायचो. आता मला ते गेटपास बुक उघडून बघण्याशी जोडावंसं वाटतं. रात्री दोनच्या जागरणाशी तर नक्कीच नाही.

आज रविवार आहे. दुपारी बायकोला घेऊन बस आणि तो भागाकार दोघांनी मिळून पुन्हा करा, माझ्या आकड्यांवर विसंबू नका. सोमवारी ऑर्डर बुकचा कागद बनव. मंगळवारी साहेबांना भेट, दुपारी जेवणानंतर नको, सकाळी. मेल पाठवायची वेळ आली तर पाठवण्याआधी एकदा मला वाचून दाखव, कंपनीचं आणि पार्ट्यांचं नाव न घेता. सव्वानऊपर्यंत मी गाडीत असते, तिथे ऐकू येत नाही, त्यानंतर कधीही फोन कर.